गोवा १९६१ : छत्तीस तासांचं युद्ध

मराठवाड्यातल्या शाळकरी पोरांना १७ सप्टेंबर सांगावा लागत नाही. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन ठरलेलंच. १९ डिसेंबर विचारला, तर मोठी माणसंही अडखळतील. खरं तर दोन्ही तारखांशी एकच सेनाधिकारी जोडलेला आहे. १९४८ मध्ये निजामाच्या फौजेची शरणागती घेणारे जयंतनाथ चौधरी १९६१ मध्ये पुण्यात दक्षिण कमांडचे प्रमुख होते, आणि गोव्याची मोहीम त्यांच्याच हाताखाली झाली.

वसाहत नव्हे म्हणे, प्रांत!

इंग्रज १९४७ मध्ये गेले. फ्रेंचांनी १९५४ मध्ये पुदुच्चेरीचा कारभार वाटाघाटी करून सोडला. पोर्तुगाल मात्र १५१० पासूनचा ताबा सोडेना. हुकूमशहा सालाझारने १९५१ मध्ये राज्यघटना बदलून वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ ठरवलं. वसाहतच नाही, तर सोडायचं काय?

१५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. अनेक जण मेले. तरीही नेहरूंनी सहा वर्षं सैन्य धाडलं नाही. शांततेचा पुरस्कर्ता म्हणून जगात झालेलं नाव त्यांना जपायचं होतं, हे समजतं; पण त्याची किंमत तुरुंगातल्या गोवेकरांनी मोजली.

ऑपरेशन विजय

अखेर १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे मेजर जनरल कँडेथ यांची १७ वी डिव्हिजन पूर्वेकडून निघाली. उत्तरेकडून ब्रिगेडियर सगतसिंग यांची ५० वी पॅरा ब्रिगेड आली. योजनेत तिचं काम दुय्यम होतं, पण संध्याकाळपर्यंत तिच्या तुकड्या पणजीसमोर, मांडवीच्या अलीकडे बेतीला पोचल्या. पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा विमानांनी दाभोळीची धावपट्टी फोडली. मुरगाव बंदरात ‘अफोन्सो द आल्बुकर्क’ ही जुनी युद्धनौका भारताच्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’शी लढली आणि निकामी झाली. भारताचे २२ जवान कामी आले. पोर्तुगालचे सुमारे ३०.

न पाळलेला हुकूम

सालाझारचा आदेश होता : शरणागती नाही, सैनिक एक तर जिंकलेले असावेत, नाही तर मेलेले. गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांच्याकडे साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक होते, लढाऊ विमान एकही नाही. १९ डिसेंबरच्या रात्री त्यांनी शरणागती पत्करली. पणजी शाबूत राहिली, याचं थोडं श्रेय या हरलेल्या माणसाला द्यायला हवं. लिस्बननं त्यांना पुढे सैन्यातून काढून टाकलं.

कागदावर मात्र

सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धचा ठराव सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकाराने पडला. पोर्तुगालनं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते १९७४ च्या क्रांतीत तिथली हुकूमशाही कोसळल्यावर, त्या वर्षाच्या अखेरच्या करारानं. व्हासालो इ सिल्व्हा यांचा हुद्दाही तेव्हाच परत मिळाला. पण १९५५ मध्ये पकडलेले सांगलीचे स्वातंत्र्यसैनिक मोहन रानडे गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालच्याच तुरुंगात होते. त्यांच्या सुटकेसाठी गायक-संगीतकार सुधीर फडके यांनी खटपट केली, आणि १९६९ मध्ये ते सुटले.