खंडेनवमीचे आधुनिक शस्त्र

खंडेनवमीस पूजावे असे शस्त्र आज गृहस्थाच्या घरी उरलेले नाही. म्हणून त्याने मोटारीस झेंडूची माळ घातली. योजना मार्मिकच म्हणावयाची! २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसे मृत्युमुखी पडली.

मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमान्वये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क बाळगून वाहन हाकणे हा गुन्हा होय. परंतु या कलमाचे सारे बळ रक्ताच्या थेंबात आहे. मद्यार्क तासातासाने रक्तातून उतरत जातो. तपासणीचा विलंब हाच आरोपीचा पहिला वकील. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा अंत झाला. अल्पवयीन चालकास ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला, त्याची देशभर चेष्टा झाली. पण त्याचा रक्तनमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना झालेली अटक त्याहून भयंकर.

आज सीमोल्लंघनाहून परतताना नाक्यावरील शिपायाने श्वासयंत्र पुढे केले, तर कोणा वजनदार आप्तास दूरध्वनी न लावता त्यात फुंकर घालावी. आणि आपट्याचे एक पान त्यालाही द्यावे.