बॅटरी घ्या, पण आधी वजनकाट्यावर ठेवा

मे महिना सरता सरता मोरजी, मांद्रे, हरमल या पेडण्याच्या किनाऱ्यावरचे शॅक उतरवले जातात आणि पाऊस ओसरला की पुन्हा उभे राहतात. खांब, फळ्या, पत्रे आणि मोजता येणार नाहीत इतके स्क्रू. हे काम हाताने पेचकस फिरवत आता कोणी करत नाही. वाळूवर वायर ओढायची सोय नसते, म्हणून बॅटरीवरची ड्रिल मशीन सुताराच्या पिशवीत असतेच. मधल्या चार महिन्यांत गोव्यात सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. तेवढा काळ मशीन कोपऱ्यात पडून राहते आणि ऑक्टोबरात बाहेर काढली की बॅटरी उठत नाही. मग म्हापशाच्या बाजारात विचारपूस होते किंवा मोबाइलवर शोध सुरू होतो. तिथे एकीकडे कंपनीची महाग बॅटरी दिसते आणि दुसरीकडे तिच्या किमतीच्या छोट्याशा हिश्शात, दुप्पट मोठे आकडे छापलेली, ‘सगळ्या मशीनना चालेल’ असं सांगणारी. या निवडीत सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडाच सर्वांत कमी कामाचा असतो. बॅटरीच्या आत किती सेल आहेत आणि ते किती करंट देऊ शकतात, यावर सगळं ठरतं. त्यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर वाण्याच्या वजनकाट्यावरही मिळतं.

आधी व्होल्टचा गोंधळ. लिथियम-आयन सेलचा नाममात्र दाब 3.6 व्होल्ट. असे पाच सेल एकामागे एक जोडले की 18 व्होल्ट होतात. तोच सेल पूर्ण चार्ज झाला की 4.2 व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे पाचांचे 21. डीवॉल्टची जी बॅटरी युरोपात 18 व्होल्ट म्हणून विकली जाते, तिच्यावर अमेरिकेत ‘20 व्होल्ट मॅक्स’ असं लिहितात. आतले सेल तेवढेच, पाच. ‘21 व्होल्ट’ म्हणणाऱ्यानेही खोटं सांगितलेलं नाही, त्याने फक्त भरल्या पोटाचं माप दिलं आहे. पण ऑनलाइन बाजारात ‘48 व्हीएफ’, ‘88 व्हीएफ’, ‘128 व्हीएफ’ अशी अक्षरं मिरवणाऱ्या बॅटऱ्या दिसतात, तेव्हा हिशेब संपतो. 88 व्होल्ट खरोखर हवे असतील तर चोवीसेक सेल एका रांगेत लागतील आणि तो डबा एका हातात पेलून भिंतीला भोक पाडता येणार नाही. ‘व्हीएफ’ नावाचं कोणतंही एकक विजेच्या शास्त्रात नाही. आणि मशीन 18 व्होल्टची असेल तर तिला 18 व्होल्टच हवेत. खरोखरचा जास्त दाब तिच्या मोटरचं कल्याण करणार नाही.

दुसरा आकडा अँपिअर-अवरचा, आणि खरी लबाडी इथे चालते. या बॅटऱ्यांत वर्षानुवर्षं 18650 हा सेल वापरला जातो. 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब, वजन साधारण 45 ते 48 ग्रॅम. आजच्या तंत्रात असा एक सेल जेमतेम साडेतीन अँपिअर-अवर साठवतो आणि मशीनला लागणारा जोरकस करंट देणारे सेल तर त्याहून कमी, दोन ते तीन. म्हणून 18 व्होल्ट, 5 अँपिअर-अवरच्या प्रामाणिक बॅटरीत पाच जोड्या, म्हणजे दहा सेल लागतात. नुसत्या सेलचंच वजन अर्ध्या किलोच्या जवळ भरतं, खोक्यासकट सहाशे ग्रॅमच्या वर. नवा 21700 सेल सत्तर ग्रॅमच्या आसपासचा, चार ते पाच अँपिअर-अवरचा. त्याचे पाच घातले तरी डबा साडेचारशेच्या खाली येत नाही. आता ‘6 अँपिअर-अवर’ लिहिलेली बॅटरी साडेतीनशे ग्रॅम भरली तर आत काय असणार? पाच साधे सेल, आणि छापील क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास ऊर्जा. नुसतं वजन जास्त असलं म्हणजे माल चांगला असं मात्र नाही. आत जुने, वापरलेले सेलही असू शकतात. काटा खोटेपणा पकडतो, खरेपणाची हमी देत नाही.

यावर कामाचा माणूस म्हणेल, की स्वस्तातली बॅटरी दोन सीझन चालली, कशाला एवढं मोजमाप? त्याचं म्हणणं चुकीचं नाही, पण ते त्याच्या कामापुरतं खरं आहे. बिजागऱ्या बसवणं, फळीत स्क्रू आवळणं ही कामं थोडा करंट थोडा वेळ मागतात; तिथे सुमार सेलही निभावून नेतो. डिचोलीच्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये तीच बॅटरी ग्राइंडरला लावली की तिची परीक्षा होते. लोखंड कापताना 18 व्होल्टचा ग्राइंडर तीस अँपिअरपेक्षा जास्त खेचू शकतो. लॅपटॉपसाठी बनवलेला सेल साठवतो भरपूर, पण सोडतो हळू. अशा दोन सेलच्या जोडीकडून तीस अँपिअर ओढले की दाब कोसळतो, आतला रोध तापतो आणि तापलेला सेल झपाट्याने म्हातारा होतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की सेल झिजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. एप्रिलात टेंपोच्या काचेमागे किंवा स्कूटरच्या डिकीत राहणाऱ्या बॅटरीचं आयुष्य असं न वापरताही घटतं. म्हणून ग्राइंडर आणि गोल करवतीसाठी दहा सेलची बॅटरी, ड्रिलसाठी पाच सेलची हलकी, ही वाटणी मला शहाणपणाची वाटते. डोक्यावर हात करून छताला भोकं पाडणाऱ्याला पाव किलोचा फरक संध्याकाळी खांद्यात कळतो. आणि ग्राइंडर शेडमधून बाहेर जातच नसेल, तर त्यासाठी बॅटरी हवीच कशाला? वायरचा ग्राइंडर स्वस्त, जोरकस आणि कधी न संपणारा आहे. कॉर्डलेसच्या जाहिराती हे सांगत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नवीन घेण्याऐवजी आतले सेल बदलून का घेऊ नयेत? तत्त्वतः घ्यावेत. बहुतेक वेळा पाच जोड्यांपैकी एकच थकलेली असते आणि ती संपूर्ण साखळीला थांबवते. पण तेवढीच जोडी बदलली तर नवी आणि जुनी एका चालीने चालत नाहीत. काही महिन्यांत दुसरी जोडी रडते. दहाही सेल एकाच खेपेचे, जास्त करंटचे घालावे लागतात आणि तेही स्पॉट वेल्डिंगने. सेलवर सरळ सोल्डर लावणारा कारागीर त्याला तापवून निम्मा मारतो. शिवाय प्रत्येक बॅटरीत एक सर्किट असतं. काही कंपन्यांचं सर्किट बिघाड लक्षात ठेवतं आणि नवे सेल घातले तरी चार्ज व्हायला नकार देतं. ग्राहकाच्या वस्तूवर कंपनीने घातलेलं हे कुलूप मला अजिबात पटत नाही, पण ते आहे हे धरूनच हिशेब करावा लागतो. अडॅप्टर लावून एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला जोडण्याचंही तसंच. बॅटरी फार उतरली की पुरवठा तोडण्याचं काम काही कंपन्या बॅटरीवर सोपवतात, काही मशीनवर. अडॅप्टरने ही जोडी चुकीची जमली तर तोडणारं कोणीच उरत नाही.

मग ओरिजिनलच घ्यायची का? रोजीरोटी मशीनवर असेल तर बहुधा हो. मात्र नुसत्या बॅटरीची किंमत विचारताना दोन बॅटऱ्या आणि चार्जरसह मशीनच्या संचाचीही विचारावी, फरक कधी कधी चकित करतो. इतर कंपनीची घ्यायची तर वॉट-अवर छापलेले पाहावेत (18 गुणिले 5 म्हणजे 90) आणि भारतीय मानक ब्युरोची खूण शोधावी. लिथियम सेल आणि बॅटऱ्यांना आयएस 16046 या मानकाखाली नोंदणी सक्तीची आहे. ‘आर’ने सुरू होणारा आठ अंकी क्रमांक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. बोटीवर किंवा आखातात नोकरीला असलेल्या घरच्या माणसाकडून बॅटरी मागवणाऱ्यांसाठी हे वॉट-अवर आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहेत. मोपाला उतरणाऱ्या विमानात सुटी बॅटरी फक्त हातातल्या सामानात चालते, तीही 100 वॉट-अवरपर्यंत. 18 व्होल्ट, 6 अँपिअर-अवरची बॅटरी 108 भरते आणि तिला विमान कंपनीची परवानगी लागते. अमेरिकेहून चार्जरही आणला तर त्यावर 120 व्होल्टच लिहिलं आहे का ते आधी वाचावं. आपल्याकडच्या 230 व्होल्टच्या प्लगमध्ये तो पहिल्याच दिवशी जळेल.

पण हे सगळं बॅटरी खरोखर मेली असेल तर. पावसाळ्यानंतर न उठणाऱ्या बॅटऱ्यांतल्या कित्येक उपाशी असतात इतकंच. रिकामी करून ठेवलेली बॅटरी चार महिन्यांत आतल्या सर्किटमुळे आणखी उतरते, आणि ठरावीक पातळीखाली गेली की चार्जर तिला हात लावत नाही. मल्टिमीटर लावून पाहावं. पाच सेलच्या बॅटरीत तेरा-चौदा व्होल्ट असतील तर आशा आहे. आधी टोकांवरचा खाऱ्या हवेचा गंज पुसून चार्जरवर पुन्हा ठेवावी. दहाच्या खाली असेल तर आशा सोडावी. दुसऱ्या बॅटरीची तार जोडून तिला जबरदस्तीने उठवण्याची युक्ती बाजारात चालते, पण इतक्या खोल उतरलेल्या सेलच्या आत तांबं विरघळलेलं असतं आणि चार्जिंगमध्ये ते आतल्या आत शॉर्ट करू शकतं. अशी बॅटरी पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या पोत्यातही टाकू नये. दाबली गेली तर पेट घेते. 2022च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, तेव्हा नवीन घेताना जुनी त्याच दुकानात पुढे करावी.

आणि पुढच्या मे महिन्यात शॅक उतरवून झाला की बॅटरी मशीनमधून काढून चारपैकी दोन दिवे लागतील इतकी चार्ज करून घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावी. चवथीला माटोळी बांधायला ड्रिल बाहेर निघतेच. तेव्हा एकच दिवा लागला तर अर्धा तास चार्जरवर.