रस्ता मोकळा करणारा माणूस : मेजर राम राघोबा राणे



फौजी माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं आधी बंदूक येते. आज आम्ही ज्यांची ओळख करून देत आहोत, त्यांचं शौर्य मात्र सुरुंग काढण्याचं, आडवी झाडं हटवण्याचं आणि मोडलेल्या मोरीला वळसा घालून वाट पाडण्याचं होतं. चिखलात रुतलेली उसाची गाडी ज्यांनी खांदा लावून बाहेर काढली आहे, त्यांना हे शौर्य लवकर समजेल असं आम्हाला वाटतं.

राम राघोबा राणे यांचा जन्म २६ जून १९१८ चा. मूळ गाव कारवार तालुक्यातलं चेंडिया. हा मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात होता. वडील पोलिसात शिपाई. म्हणजे घराणं आपल्यासारखंच, साधं आणि पगारावर बेताबेतानं चालणारं. १९४० च्या जुलैमध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, राम राणे बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले. ही पलटण खडकीची. पूल बांधणारी, रस्ते करणारी, सुरुंग पेरणारी आणि काढणारी. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात आराकानच्या आघाडीवर जपान्यांशी लढले. शिपायापासून पायरी-पायरीनं चढत १९४७ च्या अखेरीस ते सेकंड लेफ्टनंट झाले.

पुढच्याच एप्रिलात त्यांची कसोटी लागली. काश्मीरच्या लढाईत नौशेराहून राजौरीकडं रणगाडे न्यायचे होते. राजौरी हल्लेखोरांच्या ताब्यात होती आणि तिथल्या रहिवाशांचे हाल चालले होते. एकेक तास मोलाचा. पण रस्ता डोंगरातला, नागमोडी, आणि शत्रूनं जागोजागी अडवलेला. रस्ता मोकळा करणाऱ्या टोळीचं काम राण्यांकडं आलं.

त्यांच्या परमवीर चक्राचं सन्मानपत्र वाचताना आम्हाला नवल वाटलं ते याचं, की ते एखाद्या कामाच्या हजेरीवहीसारखं तासवार लिहिलेलं आहे. ८ एप्रिल १९४८, सकाळचे अकरा. काम सुरू होण्याआधीच उखळी तोफांचा मारा झाला. टोळीतले दोन जवान ठार झाले, पाच जखमी. जखमींत स्वतः राणेही होते. त्यांनी उरलेली माणसं पुन्हा जुळवली आणि काम चालू केलं, ते रात्री दहापर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला परत हजर. दुपारी तीनला रणगाड्यांसाठी वळणरस्ता तयार. पुढं पाइनची झाडं आडवी टाकलेली, ती उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तोच अडथळा. मग फोडलेली मोरी. तिथंही वरून मशीनगन चालू असताना बाजूनं वाट काढली. १० तारखेला पहाटे पावणेपाचला कामाला लागले, ते अन्न ना विश्रांती, रात्री नऊपर्यंत. त्या दिवशी दुपारी दोनला रणगाडे चिंगसला पोचले, पण मागून रसदीच्या गाड्या यायच्या होत्या. म्हणून ११ तारखेला सकाळी सहाला पुन्हा सुरुवात. अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. तरी हा गडी रात्री दहापर्यंत पुढचा रस्ता करतच होता!

१२ एप्रिलला राजौरी आपल्या सैन्याच्या हाती आली.

जखमी अंगानं चार दिवस असं राबणं म्हणजे चेष्टा नव्हे. एका क्षणाच्या आवेशात माणूस मोठं धाडस करून जातो. पण रात्री दहाला थांबून, काल काय झालं ते ठाऊक असताना, सकाळी सहाला पुन्हा त्याच जागी उभं राहायचं, याला वेगळं काळीज लागतं. आणि हे काम एकट्याचं नव्हतं. टोळी होती म्हणून रस्ता झाला. पहिल्याच दिवशी पडलेल्या त्या दोघा जवानांचंही स्मरण इथं केलं पाहिजे.

१९४७-४८ च्या त्या लढाईत पाच जणांना परमवीर चक्र मिळालं. तिघांना ते मरणोत्तर. राणे आणि शीख रेजिमेंटचे करम सिंग हे दोघे हयात राहिले. मरणाच्या दारातून परतलेल्या राण्यांपुढं आणखी शेहेचाळीस वर्षांचं आयुष्य होतं, आणि आमच्या मते तेही तितकंच पाहण्याजोगं आहे. सन्मान मिळाला म्हणून ते खुर्ची अडवून बसले नाहीत. नोकरी चालू ठेवली. १९५५ साली लग्न झालं. तीन मुलगे, एक मुलगी असा संसार झाला. १९६८ साली, वयाच्या पन्नाशीत, मेजर म्हणून निवृत्त झाले. पुढंही १९७१ पर्यंत सैन्याच्याच सेवेत राहिले. म्हणजे एकतीस वर्षांच्या आसपास वर्दी अंगावर होती. ११ जुलै १९९४ रोजी शहात्तराव्या वर्षी पुण्यात त्यांचं निधन झालं. कारवारच्या समुद्रकिनारी त्यांचा पुतळा आहे, आणि २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधल्या एका बेटाला त्यांचं नाव देण्यात आलं.

पुतळा आणि बेट हे सरकारचं काम. ते सरकारनं केलं. आपलं काम जवळचं आहे. ऊस पिकवणाऱ्या आपल्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या पोरं फौजेत जात आली आहेत. पोरगा सीमेवर असतो तेव्हा घरी म्हातारे आई-बाप आणि त्याची बायको शेत सांभाळतात. रात्रीच्या पाण्याची पाळी त्यांनाही येते, तोडणीच्या चिठ्ठीसाठी त्यांनाही हेलपाटे पडतात. तो तिकडं देशाचा रस्ता मोकळा करत असेल, तर त्याच्या बांधावरचा रस्ता आपण अडवू नये. त्याच्या घरची पाळी चुकू नये, त्याचा ऊस वाळत उभा राहू नये, एवढं शेजारधर्म म्हणून पाहिलं तरी पुष्कळ झालं. आणि निवृत्त होऊन घरी आलेला फौजी पारावर गप्प बसलेला दिसला, तर त्याच्याशी दोन शब्द बोलावं. त्यानं काय काय पाहिलंय, हे तो आपणहून सांगायचा नाही.