टप कापलेली फोर्ड

१९३२ साली फोर्ड कंपनीनं आठ सिलिंडरचं, ६५ अश्वशक्तीचं इंजिन स्वस्त गाडीत बसवलं. पुढे या गाड्या जुन्या बाजारात मिळू लागल्यावर दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्यांचे मडगार्ड काढले, टपाचे खांब कापून टप खाली आणला आणि म्युरॉक, एल मिराजसारख्या कोरड्या तलावांच्या सपाट तळावर त्या पळवल्या. याच ‘हॉट रॉड’.

वजन घटवलं म्हणून वेग वाढला, असं आम्हीही वर्गात सांगत असू. ते अर्धंच खरं. हलकी गाडी वेग लवकर घेते. पण लांबच लांब मैदानावर घाई कोणाला आहे? तिथे कमाल वेग ठरवतो तो मुख्यतः हवेचा रोध. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या. समजा, वेग १० टक्के वाढवायचा आहे. १.१ चा घन १.३३, म्हणजे इंजिनाची शक्ती एक तृतीयांशानं वाढवायला हवी. किंवा इंजिन तेच ठेवून गाडीचं समोरून दिसणारं क्षेत्रफळ पाऊणपट करायला हवं. टप कापण्यात हा फायदा होता. (ऐट होतीच!)

युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर तर काही जण गाडीत मुद्दाम वजन भरतात. मिठावर चाकं जागीच फिरतात; पकड यायला चाकांवर भार हवा.

समोरून वारा असला की सायकलवरची मुलं हँडलवर वाकतात. का, ते त्यांनाच विचारून पाहा.