फळ्यावरचे आडनाव

अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर २ फेब्रुवारी १९५० रोजी ‘व्हॉट्स माय लाइन?’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि १९६७पर्यंत चालला. पाहुण्याचा व्यवसाय ओळखायचा, एवढाच त्यातला खेळ. पाहुणा फळ्यावर आपले नाव लिही. मग समोर बसलेले चौघे त्याला ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येईल असे प्रश्न विचारीत. प्रत्येक ‘नाही’ला पाहुण्याला पाच डॉलर मिळत, दहा ‘नाही’ झाले की तो जिंकला. नामांकित पाहुणा आला की चौघांच्या डोळ्यांवर पट्ट्या चढत आणि पाहुणा आवाज बदलून बोले. १९५७ साली चित्रकार साल्वादोर दाली आला आणि जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला ‘होय’ म्हणत गेला. एका माणसाचे एकच काम असते, हे गृहीतकच त्याने मोडीत काढले.

या खेळाचे दुसरे गृहीतक मात्र कोणाच्या ध्यानात येत नसे. सामान्य पाहुण्यासाठी पट्टी लागत नव्हती, कारण नावावरून काम कळत नाही असे तिथे धरलेले होते. ‘स्मिथ’ म्हणजे लोहारच. पण फळ्यावर ते नाव वाचून कोणी भाता आणि ऐरण शोधत नसे.

आपल्याकडे बलुते काय, वतन काय, दोन्ही वंशपरंपरेने चालत आली. सुतार, कुंभार, कुलकर्णी, पाटील ही आडनावे म्हणजे कामाच्या पाट्याच होत्या. फळ्यावर आडनाव उमटले की कोडे सुटले, असे आपल्याला वाटणारच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यावर साबिरा मर्चंट यांचा ‘व्हॉट्स द गुड वर्ड?’ गाजला, पण त्यात ओळखायचा असे तो शब्द, माणूस नव्हे.

आज हा खेळ मांडायचा तर मुळशी तालुक्यात मांडावा. याच तालुक्यातल्या हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत सुतार, कुंभार आणि कुलकर्णी गळ्यात सारखेच ओळखपत्र अडकवून शेजारी शेजारी बसतात. आडनावावरून काम ताडू पाहणाऱ्याच्या पदरी तिथे एकामागून एक ‘नाही’च पडेल. तरीही नवा माणूस भेटला की ‘आडनाव काय?’ हा प्रश्न येतोच. काम कळत नाही हे ठाऊक असूनही तो विचारला जातो; म्हणजे त्यातून जाणून घ्यायचे असते ते काम नव्हे, जात.

म्हणून मराठीत हा खेळ सचोटीने खेळायचा, तर नुसत्या पट्ट्या पुरणार नाहीत. फळाच कोरा ठेवावा लागेल.