ऊस, चुना आणि सोडियमचा एक इलेक्ट्रॉन

साखर शेतात तयार होते, कारखाना ती फक्त बाहेर काढतो, असे साखरधंद्यातले जुने लोक सांगतात. रसायनशास्त्राच्या काट्यावर हे वाक्य तंतोतंत उतरते. अहिल्यानगरच्या, म्हणजे कालपरवापर्यंतच्या नगर जिल्ह्याच्या साखरेचा इतिहास लिहिताना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ येतात, लोणीचा सहकारी कारखाना आणि १९५०-५१ चा पहिला गळीत हंगाम येतो, निवडणुका तर येतातच येतात. टाक्यांत आणि पॅनमध्ये अणू काय करतात ते मात्र शाळेच्या पुस्तकात राहते. आणि तिथे उदाहरण मॅग्नेशियमच्या फितीचे.

साखरेच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात. कार्बन आणि ऑक्सिजन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे, हायड्रोजन पाण्याचा. शंभर किलो साखरेत सुमारे ४२ किलो कार्बन भरतो. शेतकरी पोत्यांनी टाकतो त्या नत्र, स्फुरद, पालाशाचा एकही अणू तिच्यात नाही. जिल्ह्याबाहेर ट्रक भरून जाते ती हवा, आणि भंडारदरा धरणाच्या पाण्याचा एक लहानसा अंश. लहानसाच, कारण उसाने ओढलेले बहुतेक पाणी पानांतून वाफ होऊन निघून जाते. पाण्याचे भांडण त्या वाफेचे आहे, साखरेचे नाही.

गव्हाणीत मोळी पडली की खरी परीक्षा सुरू होते. ताजा रस आंबटसर असतो, पीएच पाच-साडेपाचच्या आसपास. तसाच तापवला तर साखरेचा रेणू पाण्याशी संयोग पावून ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो. गोडी राहते, पण दाणा धरत नाही. तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर हेच काम विकरे करतात. शिळ्या उसाचा उतारा, म्हणजे उसातून हाती येणाऱ्या साखरेचे प्रमाण, घसरतो तो त्यामुळे. म्हणून रसात चुना घालायचा, पण बेताने. जास्त झाला तर ग्लुकोज-फ्रुक्टोज मोडून रस काळपट पडतो. सातच्या आसपास पीएच धरून ठेवणे हे या टप्प्यावरचे निम्मे कसब.

चुन्यातल्या कॅल्शियमच्या अणूत २० इलेक्ट्रॉन, त्यांतले दोन सर्वांत बाहेरच्या कक्षेत. संयुग होताना ते दोन तो देऊन टाकतो आणि धनप्रभारित होतो. फॉस्फेट आयनावर तीन ऋणप्रभार असतात. तीन कॅल्शियम आणि दोन फॉस्फेट मिळून प्रभाराचा हिशेब शून्यावर येतो, न विरघळणारा साका बनतो आणि गाळ बरोबर घेऊन खाली बसतो. दुसरीकडे गंधक जाळून सल्फर डायऑक्साइड रसात सोडतात. कॅल्शियम सल्फाइटचा साकाही तसाच रंगद्रव्य ओढून नेतो. हे सगळे आयनांचे काम, म्हणून झटपट होते. साखरेतला कार्बन इलेक्ट्रॉन देतही नाही, घेतही नाही; वाटून घेतो. त्याचे बंध सहजी हलत नाहीत. मळ पकडावा आणि साखरेला धक्का लागू नये, हा सगळा खेळ बंधांच्या या दोन प्रकारांवर चालतो.

प्रयोगशाळेतल्या पोलारीमीटरकडे मात्र सभासदाचे लक्ष क्वचितच जाते. त्याचा पारंपरिक दिवा सोडियमचा. सोडियमचे ११ इलेक्ट्रॉन २, ८, १ असे मांडलेले. तो एकटा शेवटचा इलेक्ट्रॉन ऊर्जा घेऊन वर जातो आणि परतताना ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश सोडतो. हा प्रकाश ध्रुवित करून रसातून नेला की साखर त्याची दिशा वळवते. किती वळवली त्यावरून पोल, म्हणजे साखरेचे प्रमाण, काढतात. २०२४-२५ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, क्विंटलला ३४० रुपये होती, ती १०.२५ टक्के उताऱ्याला. उतारा पोत्यातल्या साखरेवर ठरतो हे खरे, पण साखर चिपाडात (बगॅसमध्ये) गेली की मळीत, याचा माग त्या पिवळ्या उजेडातच लागतो. वार्षिक सभेत वजनकाट्यावर गदारोळ होतो. पोलवर प्रश्न विचारणारा सभासद मला भेटलेला नाही.

मळीतली उरलेली साखर यीस्टकडे जाते. १०० किलो ग्लुकोजमधून हिशेबाने ५१ किलो अल्कोहोल आणि ४९ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने १७८९ च्या आपल्या ग्रंथात द्रव्य अक्षय्यतेचा सिद्धांत मांडला तो साखर आंबवण्याच्या प्रकरणातच. आपल्या पाठ्यपुस्तकांनी ही गोष्ट का वगळावी, कळत नाही. कोपरगाव तालुक्यातल्या साकरवाडीत करमशी सोमय्यांनी उभ्या केलेल्या उद्योगात याच अल्कोहोलपासून इथाइल अ‍ॅसिटेट होते. शाई आणि रंगांत ते द्रावक म्हणून लागते. तेच अणू, फक्त जोड्या बदललेल्या.

राहिला पालाश. तो साखरेतही जात नाही आणि अल्कोहोलमध्येही नाही. एका लिटर अल्कोहोलमागे आठ-बारा लिटर स्पेंटवॉश निघतो, त्या काळ्या पाण्यात तो बसतो. पूर्वी हे पाणी ओढ्यात गेले की विहिरी नासत. आता काही डिस्टिलऱ्या ते आटवून बॉयलरमध्ये जाळतात आणि राखेचे खत होते. खत नियंत्रण आदेशात त्याला किमान १४.५ टक्के पालाशाची अट आहे. म्युरेट ऑफ पोटॅश आपण परदेशातून आणतो, आणि उसाने याच जमिनीतून उचललेला पालाश राख होऊन कारखान्याच्या आवारात पडलेला असतो. ज्याच्या शेतातून तो गेला, त्याला तो परत कुठल्या भावाने मिळतो, हा प्रश्न वार्षिक सभेत विचारण्याजोगा आहे.