झलक एकाची, पत दुसऱ्याची

१९८५ साली अमेरिकेत एका चित्रपटाचे भित्तिपत्रक झळकले. शस्त्रसज्ज पुरुष वीरांचा एक जथा एका राक्षसी योद्ध्यावर आरूढ झाला आहे, असे ते चित्र. चित्रपटाचे नाव ‘वॉरियर्स ऑफ द विंड’, म्हणजे वाऱ्याचे योद्धे. तिकीट काढून आत गेलेल्या प्रेक्षकाला हे वीर पडद्यावर कोठेच भेटत नसत. भेटत असे ती एक राजकन्या, आणि तिचा पराक्रम शत्रूला मारण्यात नसून महाकाय कीटकांनाही न मारण्यात होता.

मूळ चित्रपट जपानी. हायाओ मियाझाकी यांचा ‘नाउसिका’ हा ११७ मिनिटांचा ॲनिमेशनपट मार्च १९८४ मध्ये जपानात प्रदर्शित झाला होता. औद्योगिक संस्कृतीचा नाश होऊन हजार वर्षे लोटली आहेत, विषारी अरण्य पसरत चालले आहे, आणि माणसे त्या अरण्याला जाळू पाहत आहेत. हे अरण्य वस्तुतः माणसानेच नासविलेली भूमी शुद्ध करीत आहे, हे नायिकेच्या ध्यानी येते. कथेचा गाभा तो हाच. अमेरिकेतील न्यू वर्ल्ड पिक्चर्स या कंपनीने चित्रपट आणला तेव्हा त्यातील सुमारे २२ मिनिटे कापली गेली. नाउसिकाची ‘झँड्रा’ झाली. कीटकांना ‘गॉर्गन’ हे ग्रीक पुराणातील राक्षसिणींचे नाव मिळाले आणि ते सरळ शत्रुपक्षात जाऊन बसले. म्हणजे आधी जाहिरातीला शोभेल असा माल तयार केला, आणि तरीही जाहिरात मालाशी जुळली नाहीच!

व्यापाराच्या दृष्टीने या व्यवहाराचे कोडे उलगडणे कठीण नाही. ग्राहक वांगे उलटसुलट करून पाहतो, कापडाचा पोत चोळून पाहतो. चित्रपटाचे तसे नाही. पैसे आधी मोजायचे, गुण मागाहून कळायचा. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये वस्तूंचा हा भेद मांडला आणि १९७४ मध्ये जाहिरातींना तो लावून दाखविला. अनुभवानेच पारखता येणाऱ्या वस्तूचा विक्रेता फार खोटे बोलत नाही, कारण फसलेला ग्राहक पुन्हा दुकानात येत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. साबणाच्या वडीबाबत हे पटते. परंतु एकच चित्रपट दुसऱ्यांदा पाहणारे किती? शिवाय येथे जाहिरात करणारा एक आणि पत जाणार ती दुसऱ्याची. आयात करणाऱ्या कंपनीजवळ उद्या विकायला दुसरा चित्रपट होताच. मियाझाकींजवळ मात्र स्वतःचे एकच नाव होते.

विक्रेत्याची बाजूही ऐकली पाहिजे. ॲनिमेशन म्हणजे मुलांचे, आणि साहस म्हणजे मुलग्यांचे, अशी अमेरिकन बाजाराची तेव्हा पक्की समजूत होती. अपरिचित दिग्दर्शकाचा, पर्यावरणाविषयी बोलणारा जपानी चित्रपट खरे सांगून विकला असता तर चित्रगृह रिकामे राहिले असते, असे तो म्हणेल. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. त्यातून एवढेच निघते, की या चित्रपटाचा खरा ग्राहक कोण हे शोधण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत.

भित्तिपत्रक आणि कॅसेटचे वेष्टन निदान शिल्लक आहे, म्हणून त्यांचा पंचनामा करता येतो. दूरचित्रवाणीवरील अर्ध्या मिनिटाच्या झलकांचे काय? त्या काळी चित्रफीत महाग असे, आणि दाखवून झालेली फीत पुसून तिच्यावर दुसरे काही मुद्रित करणे ही अनेक वाहिन्यांची रीतच होती. नाटके, मालिका यांचीही तीच गत झाली, तेथे जाहिरातीला कोण विचारतो? त्या जमान्यातील झलका आज सापडतात त्या बहुधा कोणी घरी कार्यक्रम मुद्रित करताना मधल्या जाहिराती वगळल्या नाहीत म्हणून. जे वचन सर्वाधिक घरांत पोहोचत असे, त्याचाच पुरावा सर्वांत आधी नाहीसा होई.

पुरावा असला तरी काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. २०१६ मधील ‘फॅन’ या हिंदी चित्रपटाच्या झलकेत एक गाणे वारंवार दाखविले गेले. चित्रपटात ते नव्हतेच. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) एका शिक्षिकेने ग्राहक मंचाकडे दाद मागितली. जिल्हा मंचाने तक्रार फेटाळली. राज्य आयोगाने मात्र १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च मंजूर केला, आणि राष्ट्रीय आयोगाने तो निर्णय कायम ठेवला. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे निर्णय रद्द केले. झलक म्हणजे करारातील प्रस्ताव नव्हे, आणि या प्रकरणात अनुचित व्यापारी प्रथाही सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. कायद्याच्या चौकटीत ते सुसंगतही असेल. पण झलक पाहून कुटुंबासह चित्रपटाला जाणाऱ्या ग्राहकाच्या हाती त्या झलकेखेरीज दुसरे काय असते, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

मियाझाकींनी मार्ग शोधला तो बाजारात. त्यांची स्टुडिओ जिब्ली ही संस्था परदेशी वितरणाबाबत पुढे अनेक वर्षे सावध राहिली. १९९६ मध्ये डिस्ने कंपनीशी करार झाला तेव्हा एकही दृश्य कापायचे नाही, ही अट त्यात होती. ‘प्रिन्सेस मोनोनोके’ अमेरिकेत जाण्याच्या वेळी वितरक हार्वे वाइनस्टीन यांच्याकडे ‘कापाकापी नको’ या निरोपासह एक सामुराई तलवार पोहोचली. ही करामत आपल्या निर्मात्याची, असे मियाझाकींनी पुढे मुलाखतीत सांगितले.

‘नाउसिका’ इंग्रजीत, पूर्ण लांबीचा आणि स्वतःच्या नावाने, अमेरिकेतील घरांत पोहोचला तो २००५ मध्ये. १९८५ साली वीरांच्या आशेने तिकीट काढलेली दहा वर्षांची मुले तोवर तिशीला आली होती.